उन्हावर खापर फोडू नका

खाली बसा. वह्या परत मागायला कुणी पुढे येऊ नका, त्या आज माझ्याजवळच राहतील.

उन्हाळ्याच्या सुटीत प्रत्येकाने आपापल्या घरी भाजीचा एक वाफा करायचा होता. भेंडी, गवार, चवळाई, कारलं आणि सांबार अशी पाच बियाणं विद्यालयातून मोजून दिली होती. आज मृग लागून आठवडा झाला. तुमच्या प्रात्यक्षिकाच्या वह्या मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचल्या. जवळजवळ प्रत्येक वहीत एकच वाक्य आहे : 'कडक उन्हामुळे उगवण झाली नाही.' तेच शब्द, तोच क्रम, काहींची तर शुद्धलेखनाची चूकसुद्धा तीच. एकाने लिहिलं आणि बाकीच्यांनी उतरवलं. उतरवल्याचा राग मला आहेच. पण त्याहून जास्त राग त्या वाक्याचा आहे, कारण ते तपासून लिहिलेलं नाही.

विदर्भात ऊन असतं हे तुम्हाला जन्मापासून माहीत आहे. अकोला, नागपूर, चंद्रपूर, कुठेही जा, मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर चढतो. जी गोष्ट आधीपासून ठाऊक होती ती अपयशाचं कारण म्हणून सांगता येत नाही. ऊन गृहीत धरूनच वाफा आखायचा होता. जागा, वेळ, खोली, पाणी, आच्छादन या सगळ्याचा विचार त्या उन्हाकडे बघूनच करायचा होता. तेवढ्यासाठीच हे काम दिवाळीत न देता उन्हाळ्यात दिलं होतं.

आता मी एकच प्रश्न विचारते. न उगवलेलं बी कुणी उकरून पाहिलं? हात वर करा.

एकही हात नाही. गोठ्यातली म्हैस अचानक मेली तर तुमच्या घरचे डॉक्टरला बोलावतात, विषबाधा की घटसर्प ते विचारतात, कारण उरलेली जनावरं वाचवायची असतात. वाफ्यात शंभर बिया मेल्या आणि त्या कशाने मेल्या हे बघायला तुम्ही दोन बोटं मातीत घातली नाहीत. मेलेलं बी सगळं सांगतं. ते टणक राहिलं आहे का, कुजलं आहे का, मोड येऊन वाळलं आहे का, जागेवरून गायबच झालं आहे का, की वर येऊन मग कोलमडलं आहे? ही पाच वेगवेगळी मरणं आहेत आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. 'ऊन' हे एकच उत्तर सगळ्यांना चिकटवलंत, म्हणजे पुढच्या वर्षीही तुम्ही पाचही चुका करणार.

आधी टणक राहिलेलं बी. दहा दिवसांनी उकरलं आणि बी टाकलं तसंच कोरडं, कडक निघालं, तर पाणी त्याच्या पोटात शिरलंच नाही. कारल्याचं कवच जाड असतं. ते चोवीस तास भिजवायचं, टोकाशी हलकेच घासलं तर आणखी चांगलं. भेंडी रात्रभर भिजवायची. हे मी वर्गात सांगितलं होतं, तुमच्या वह्यांत ते लिहिलेलंही आहे. तरी घरी जाऊन पाकीट फाडलं आणि कोरडं बी तापलेल्या मातीत टाकलं.

आणि सांबार? सांबाराचं बी मी मुद्दाम दिलं होतं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सांबार हातात पडला आणि एकानेही विचारलं नाही की मॅडम, हा आत्ता कसा पेरायचा? सांबार थंडीचं पीक आहे. तापमान तिशीच्या वर गेलं की त्याची उगवण घसरते, आणि उगवला तरी पानं धरायच्या आत तो फुलावर जातो. उन्हाळ्यात तो हवाच असेल तर सावलीची जागा शोधावी लागते, माती सतत गार ठेवावी लागते आणि थोड्यावर समाधान मानावं लागतं. शिवाय ज्याला तुम्ही धण्याचा एक दाणा म्हणता, त्यात दोन बिया असतात. चपलेखाली किंवा पाट्यावर हलकेच रगडून ते दोन फाके वेगळे करायचे, मग भिजवायचे. दाणा फोडल्याची नोंद मला एकाही वहीत दिसली नाही. तुम्हाला जे दिलं ते तुम्ही विचार न करता पेरलंत. उद्या दुकानदार जे देईल तेही असंच पेराल. माझी खरी काळजी ती आहे.

दुसरं, कुजलेलं बी. दाबलं की पांढरं, चिकट निघतं आणि वास येतो. याचा अर्थ तुम्ही पाणी फार दिलंत. ऊन कडक आहे म्हणून सकाळ, दुपार, संध्याकाळ पाईप धरून उभे राहिलात. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, तिच्यातली हवा निघून जाते, आणि बियाला श्वास घ्यायला हवा लागते हे तुम्ही विसरलात. कुंडीत नुसती काळी माती भरायची नाही. चांगलं कुजलेलं शेणखत आणि जाडी वाळू मिसळायची. कुजलेलं म्हणते आहे मी. उकिरड्यावरचं ओलं शेण आणून टाकलंत तर ते मातीत कुजताना तापतं आणि कोवळी मुळं जाळतं. हुमणीही त्याच्या मागे येते. कोकोपीट वापरणाऱ्यांनी ते आधी स्वच्छ पाण्यात भिजवून पिळून घ्यायचं, कारण त्यात क्षार असतात.

क्षारांचं निघालं आहे तर पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातल्या मुलांनी नीट ऐका. तुमच्या विहिरीचं, बोअरचं पाणी खारं आहे. ते रोज वाफ्यावर शिंपडलं, वरून ऊन लागलं, पाणी उडून गेलं आणि मीठ वर राहिलं. वाफ्यावर पांढरट थर आला होता का? आला असणार. मिरची आणि घेवडा ते पाणी सोसत नाहीत. पालक त्यामानाने सोसतो. उगवणीच्या पहिल्या दिवसांत तरी नळाचं किंवा टाकीत साठवलेलं गोड पाणी वापरायचं. एका वाफ्याला फार पाणी लागत नाही. आपल्या गावचं पाणी कसं आहे हे तुम्ही आयुष्यभर प्यायलात, पण ते वहीत कुणी लिहिलं नाही.

तिसरं मरण सगळ्यात वाईट, आणि तुमच्यापैकी बहुतेकांच्या वाफ्यात तेच झालं असणार. बीला मोड आला आणि तो वाळला. कोरडं बी महिनोन्‌महिने वाट बघू शकतं. एकदा पाणी पिऊन त्याने मूळ बाहेर काढलं की त्याला परत झोपता येत नाही. त्यानंतर माती एक दुपार जरी पूर्ण कोरडी पडली तरी ते संपतं. तुम्ही तीन दिवस जोरात पाणी घातलंत, चौथ्या दिवशी मामाच्या गावाला लग्नाला गेलात, आणि परत येऊन लिहिलंत, उन्हामुळे. ऊन पहिल्या तीन दिवसांतही होतंच.

वाफ्याचा वरचा एक बोटभर थर ओलसर राहायला हवा होता. त्यासाठी पेरल्यावर वरून तणस, गव्हाचं काड किंवा भिजवलेलं गोणपाट अंथरायचं आणि पहिले कोंब दिसले की त्याच संध्याकाळी काढायचं. त्याच संध्याकाळी, दोन दिवसांनी नाही. उशीर केला तर कोंब खाली पिवळे, लांब होऊन लोळतात. झारीने बारीक पाणी द्यायचं. जाड धारेने पाणी दिलं की बी एका कोपऱ्यात वाहत जातं आणि काळ्या मातीवर पापुद्रा धरतो; तो वाळला की चवळाईसारखं बारीक बी त्याला फोडून वर येऊच शकत नाही.

आणि दुपारी पाईप सोडणाऱ्यांनो, तुम्ही हात लावून पाहिलं होतं का ते पाणी? अंगणात उन्हात पडलेल्या पाईपमधलं, गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पहिलं पाणी हाताला चटका देतं. ते तुम्ही कोवळ्या कोंबावर ओतलंत. पहिलं पाणी बादलीत काढायचं, गार होऊ द्यायचं. पाणी सकाळी ऊन चढायच्या आत, आणि फार गरज असेल तर दिवस मावळताना. एवढं साधं काम आहे, आणि ते रोज करावं लागतं.

खोलीचंही बोलते. बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल पेरायचं असतं. भेंडी आणि कारलं दोन सेंटिमीटर. चवळाई जवळजवळ वरच, बारीक वाळूत मिसळून टाकायची आणि हाताने हलकेच दाबायची. ऊन आहे म्हणून खोल पेरलं, असं काहींनी लिहिलं आहे. निदान त्यांनी विचार केला, त्याचे गुण मी देईन. पण तो विचार चुकीचा होता. बारीक बियाच्या पोटात वर येण्यापुरतीच शिदोरी असते. ती मातीतच संपली तर उजेड दिसायच्या आत कोंब मरतो. उन्हापासून वाचवायचं ते आच्छादनाने आणि सावलीने, खोल गाडून नाही.

चौथं, गायब झालेलं बी. मुंग्यांची रांग वाफ्यावरून जात होती, चिमण्या येत होत्या, खारी येत होत्या. वाफ्याजवळ सकाळी दहा मिनिटं उभं राहिलं असतं तरी दिसलं असतं. पातळ जुनी साडी किंवा जाळी टाकून कडा दगडांनी दाबायच्या, एवढंच काम होतं.

पाचवं, वर येऊन कोलमडलेलं रोप. इथे नीट बघणारा आणि न बघणारा यांतला फरक कळतो. देठ जमिनीलगत ओला, मऊ झाला असेल तर ती बुरशी आहे, तिला आपण मर म्हणतो. दाट पेरणी आणि जास्त पाणी हे तिचं कारण. पेरण्याआधी बियाला ट्रायकोडर्मा चोळायचा, रोपं विरळ करायची, पाणी कमी करायचं. पण देठ जमिनीलगत कोरडा, आक्रसलेला असेल तर तापलेल्या मातीने तो भाजला आहे. तिथे पाणी कमी करून काहीच होणार नाही, सावली करावी लागेल. एकाच लक्षणाला दोन उलटे उपाय आहेत. न बघता उपाय करणारा रोपाला दोनदा मारतो.

गच्चीवर वाफा केलेल्यांनी हे तर हमखास भोगलं असणार. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो. त्यावर काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या आणि पिशव्या ठेवल्या की मुळं कडेच्या बाजूने शिजतात. कुंड्यांखाली लाकडी फळ्या किंवा विटा द्यायच्या, भोवती गोणपाट गुंडाळायचं, कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवायच्या, आणि वर ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट बांधायची. शेडनेट नसेल तर आईची जुनी नऊवारी चालते. पश्चिमेचं ऊन सगळ्यात मारक असतं. भिंतीच्या किंवा झाडाच्या पूर्वेला जागा निवडली असती तर निम्मं काम तिथेच झालं असतं.

आता बियाण्याकडे येते. काहींनी लिहिलं आहे, 'बियाणं खराब होतं.' पाकिटावर काय लिहिलं होतं ते सांगा. गप्प का? १९६६ च्या बियाणे कायद्याप्रमाणे त्यावर उगवणशक्ती, चाचणीची तारीख आणि वैधतेची मुदत छापलेली असते. भेंडीच्या प्रमाणित बियाण्याची किमान उगवण ६५ टक्के धरलेली आहे, मिरचीची ६०, वांगी आणि टोमॅटोची ७०. म्हणजे शंभरातल्या पस्तीस भेंड्या उगवल्या नाहीत तरी बियाणं नियमात बसतं. हा आकडा माहीत नसताना खराब आणि चांगलं तुम्ही ठरवता कशावरून? खरीप आला की कृषी खाते गावोगाव सांगतं की घरचं सोयाबीन पेरण्याआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासा. तुमच्यापैकी कित्येकांच्या वडिलांनी या महिन्यात ते केलं असेल. मग वाफ्यासाठी वीस भेंड्या ओल्या फडक्यात बांधून ठेवायला काय झालं? चार-पाच दिवसांत उत्तर मिळालं असतं आणि त्याप्रमाणे जास्त बी पेरता आलं असतं.

आणि ते पाकीट पेरणीपर्यंत ठेवलं कुठे? मोटारसायकलच्या डिकीत, टिनपत्र्याखालच्या फळीवर, खिडकीत. बी जिवंत असतं. त्यातला ओलावा एका टक्क्याने कमी झाला तर त्याचं आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होतं, आणि साठवणीचं तापमान पाच अंशांनी उतरलं तरी दुप्पट होतं. याचं उलटंही तितकंच खरं आहे. एप्रिलमध्ये पत्र्याखाली ठेवलेलं बी तुम्ही पेरायच्या आधीच म्हातारं केलंत.

एक वही मात्र वेगळी होती. तिच्यात विद्यालयाच्या बियाण्याबरोबर घरच्या टोमॅटोचीही नोंद होती : रोपं वाढली, मे महिन्यात फुलं आली आणि गळली. पुढे लिहिलं होतं, 'फुलं सकाळी पाहिली, देठापासून तुटत होती, रात्रीही गरम होतं.' याला म्हणतात निरीक्षण. टोमॅटोचे परागकण दिवसाच्या कडक उष्णतेने निकामी होतात आणि रात्र गार झाली नाही तर फळधारणा होत नाही. त्या मुलीला कारण माहीत नव्हतं, पण रात्रीच्या उष्म्याकडे तिचं लक्ष गेलं. आपल्याकडे टोमॅटो पावसाळ्याच्या शेवटी पेरून थंडीत घ्यायचा असतो हे मी तिला आता सांगू शकते, कारण तिने मला सांगायला जागा ठेवली. बाकीच्यांनी एका वाक्यात दार लावून घेतलं.

शेवटचं बोलते आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. तुम्ही वाफा मनावर घेतला नाही, कारण तुमच्या मते ही शेती नव्हे. कापूस ही शेती, सोयाबीन ही शेती, आणि परसातली भाजी म्हणजे आईचं, आजीचं काम. मी पाहते ना, कपाशीच्या तासाला तुम्ही पुढच्या बाकांवर बसता आणि भाजीपाल्याच्या तासाला मागे सरकता. ज्यांनी न्हाणीच्या पाण्यावर कवेलूवर दोडक्याचा वेल चढवला, ढेमशाचं बी राखेत घालून पुढच्या वर्षापर्यंत जपलं, त्यांना तुमच्याइतके धडे मिळाले नाहीत. तरी त्यांचं बी उगवतं. त्या रोज वेलाखाली जातात, पान उलटून बघतात, म्हणून उगवतं.

अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यात कोंभाळणे नावाचं गाव आहे. तिथल्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी गावरान भाज्या आणि धान्यांची वाणं जमवली, घरात बियाण्यांची बँक उभी केली, दुसऱ्या बायकांना बी दिलं. २०२० सालच्या पद्म पुरस्कारांत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. प्रत्येक वाण कधी पेरायचं, कसं राखायचं हे त्यांना माहीत आहे. तुम्ही लिहायला-वाचायला शिकलात, पदविकेच्या वर्गात बसलात, आणि कुठल्या रांगेत काय पेरलं याची चिठ्ठीसुद्धा लावली नाहीत. हे शिक्षण वाया घालवणं आहे, आणि मी ते माझ्या वर्गात चालू देणार नाही.

मी तुम्हाला रागावते आहे कारण उद्या तुमच्यातलेच काही जण गावात कृषी सेवा केंद्र काढतील, काही जण शेतकऱ्यांना सल्ला देतील. एखादा बाप्या तुमच्याकडे येऊन म्हणेल, मिरचीची रोपं बसतायत. तुम्ही जर 'ऊन फार आहे' म्हणून मोकळे झालात तर त्याचं वर्ष जाईल. त्याच्यासमोर बसून रोप उपटून, देठ फोडून बघायची सवय आत्ता लागली नाही तर ती कधीच लागणार नाही.

आता काम ऐका. वह्या नापास. सगळ्यांनी पुन्हा करायचं आहे, आणि या वेळी विद्यालयाच्या मागच्या जागेत, माझ्यासमोर. पाऊस आता कधीही येईल, म्हणून पंधरा सेंटिमीटर उंचीचे गादीवाफे करायचे, पाणी साचलेलं मला दिसता कामा नये. भेंडी, दोडका आणि चवळाई पेरायची. वांगी आणि मिरची यांची रोपं वेगळ्या वाफ्यात टाकायची. वांगी पाच-सहा आठवड्यांत लावणीला येतील, मिरचीही साधारण त्याच सुमाराला. लावणीआधी आठवडाभर पाणी कमी करत रोपांना कणखर करायचं आणि लावणी संध्याकाळी करायची. प्रत्येक रांगेला काडीवर चिठ्ठी : पीक, वाण, पेरल्याची तारीख, किती बिया. रोज सकाळी नोंद करायची. दहा दिवसांनी जे उगवलं नसेल ते माझ्यासमोर उकरायचं आणि पाच मरणांतलं कुठलं ते सांगायचं. उगवण कमी झाली म्हणून मी कुणालाही नापास करणार नाही. कारण न सांगता आलेल्याला करीन.

बियाणं जाताना माझ्याकडून घेऊन जा आणि भेंडी आज रात्रीच भिजत घाला. उद्या सकाळी सहा वाजता मी वाफ्यावर उभी असेन. कोरडं बी घेऊन आलेल्याला मी परत पाठवीन.